दिव्याभोवतीचे निळसर वलय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ट्रायइथिलअमाइन हे सेंद्रिय आम्लारी, म्हणजे आम्लाला निष्प्रभ करणारे द्रव्य, औषधनिर्मितीत आणि प्रयोगशाळांत नित्य वापरले जाते. त्याच्या माशासारख्या उग्र वासाची कल्पना सर्वांना असते. वाफेने नजर धूसर होते हे मात्र माझ्या पाहण्यात फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून हे पत्र.

त्याची उपयुक्तता वादातीत आहे. नायट्रोजनला तीन इथिल गट जोडलेले असल्याने त्यावर हायड्रोजन उरत नाही, पण इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असते. त्यामुळे आम्ल क्लोराइडपासून अमाइड किंवा एस्टर ही सेंद्रिय संयुगे बनवताना ते स्वतः अमाइडमध्ये न अडकता बाहेर पडणारे हायड्रोजन क्लोराइड तेवढे टिपते आणि पांढरा क्षार होऊन खाली बसते. हा क्षार पाण्याने धुऊन निघतो आणि शिल्लक आम्लारी ८९ अंश सेल्सिअसला उकळत असल्याने सहज उडवून लावता येते. विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावा असा त्याचा एक गुण आहे: बर्फात थंड केलेले त्याचे पाण्यातील मिश्रण नितळ असते, पण बंद परीक्षानळी तळहातात धरली की साधारण १८ अंशांपुढे ते दुधासारखे गढूळ होते आणि दोन थर वेगळे होतात.

वितळलेला धातू साच्यात ओतणाऱ्या ओतशाळांत राळ मिसळलेल्या वाळूतून या आम्लारीची वाफ सोडतात, तेव्हा साच्यातील वाळूचा गाभा (ओतीव वस्तूत पोकळी ठेवणारा भाग) न तापवता काही सेकंदांत कडक होतो. धोका इथेच अधिक. वाफेने बुबुळावरील पारदर्शक पडद्याला सूज येते, समोर निळसर धुके पसरते आणि दिव्यांभोवती वलये दिसू लागतात. हा त्रास सहसा काही तासांत आपोआप ओसरतो, त्यामुळे कामगार तो थकव्याचा मानतात आणि तशाच नजरेने रात्री गाडी चालवत घरी जातात, याची मला मनापासून काळजी वाटते.

शिवाय शून्याखालच्या तापमानालाही ही वाफ ठिणगीने पेटू शकते आणि द्रव थेट डोळ्यात उडाल्यास गंभीर भाजते. तेव्हा निदान १५ मिनिटे पाण्याने डोळा धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जायला हवे. हे इशारे डब्यांवर बहुधा असतात. त्यांच्याच शेजारी ठळक मराठीत एवढे छापावे, अशी उत्पादकांना आणि कारखान्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना विनंती आहे: ‘दिवे धूसर दिसू लागताच मोकळ्या हवेत जा, पर्यवेक्षकाला कळवा आणि नजर पूर्ण स्वच्छ होईपर्यंत वाहन चालवू नका.’

आपला,
रसायनशास्त्राचा एक अध्यापक