तवा तापलाच नाही म्हणाली

गिरगाव, रविवार रात्री

प्रिय सुमे,

वर्षभर पत्र नाही, फोनही दोनदाच आणि तेही तुझेच. रागव, पण आधी वाच. माझा गुडघा आहे तसाच, बीपी गोळीवर.

परवा आईची तीन बोटं भाजली. घावनांसाठी बिडाचा तवा ठेवला आणि विसरली. आठवल्यावर नेहमीसारखं पाणी शिंपडलं. चर्र झालंच नाही. थेंब गोळ्या होऊन पाऱ्यासारखे तवाभर पळत राहिले. "तापलाच नाही गं अजून," म्हणाली, आणि मी दारातून ओरडेपर्यंत तव्याला बोटं लावली.

दादा म्हणतो, वय झालं. पण तुला कळेल! याच थेंबावरून आपण आठवडाभर अबोला धरला होता. तुझं म्हणणं, पत्रा जितका तापेल तितका थेंब लवकर उडेल. शेवटी स्टोव्हवर पत्रा ठेवून घड्याळ लावलं, तेव्हा गप्प बसलीस. त्या लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने 1756 मध्ये लालबुंद लोखंडी चमच्यात थेंब टाकून लंबकाचे झोके मोजले होते. पहिला थेंब अर्ध्या मिनिटाहून जास्त टिकला, चमचा निवत गेला तसे पुढचे भराभर गेले. 100 अंशांच्या थोडं वर पाणी धातूला चिकटून उकळतं. 200च्या आसपास गेलं की खाली वाफेची गादी होते, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी, आणि थेंब टेकतच नाही. पैजेचा वडापाव अजून यायचाय, बाई.

पण सुमे, हे मला आधी आईनेच शिकवलेलं. "थेंब नाचला की तवा माजला, गॅस बारीक कर." साठ वर्षं घावनं घातलेल्या बाईने तोच थेंब उलटा वाचला. गॅस विसरणं मी समजू शकते, मीही विसरते. हे कसं गेलं?

आज मुद्दाम अळूची पानं तिच्याकडे धुवायला दिली. पाणी घरंगळून गेलं, पान कोरडं. तिथे वाफ नाही, मेणचट बारीक उंचवट्यांत हवा अडकलेली असते. थेंब टेकत नाही हे मात्र तेच. तिने पान उलटं करून शिरांवरून लाटणं फिरवलं, चिंच कमी पडली हेही सांगितलं. सगळं बरोबर. मी आईची परीक्षा घेत होते गं. फार वाईट वाटलं.

तुझ्या आईचं सुरुवातीला काय गेलं होतं? खरं सांग, माझी समजूत काढू नकोस.

सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? बाळाचा फोटो पाठव. पुण्याच्या घराचं काय ठरलं?

तवा मी वरच्या फळीवर ठेवलाय. संध्याकाळपासून ती दोनदा शोधून गेली.

तुझी,
नंदा