वेलीला हात लावू नका, माळा थांबवा: आरोग्यमंत्र्यांना गुंजेबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूर

महोदय,
स. न. वि. वि.

मी बेळगावच्या शहापुरातला सोनार. हे पत्र मराठीत लिहितोय, कारण ज्या घरांतून ते आधी वाचलं जावं असं वाटतं त्या घरांत मराठी वाचतात. कन्नड प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात रीतसर दिली आहे, पोचही घेतली आहे. तेव्हा भाषेचा प्रश्न तुमच्या-माझ्यापुरता मिटला असं धरून कामाचं बोलतो.

काम गुंजेचं आहे. कन्नडमध्ये गुलगंजी. लाल बी, टोकाला काळा ठिपका. आपण पाहिली नसेल असं होणार नाही.

माझी धाकटी बहीण खानापूर तालुक्यात दिलेली. तिच्या लहानग्या नातीला कुणीतरी जत्रेतून लाल-काळ्या मण्यांची माळ आणून दिली होती. दोरा तुटला, मणी अंगणभर झाले आणि पोरीनं त्यातले एक-दोन चावले. बहीण सोनाराची लेक, तिला काय झालं ते लगेच कळलं. उरलेले मणी मुठीत घेऊन ती पोरीला उचलून जवळच्या आरोग्य केंद्रात गेली. "डॉक्टर, गुंज चावलीय की वो ही!" डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, नाडी पाहिली. पोर हसत होती, बिस्किट मागत होती. "काही होत नाही, बी उद्या पोटातून निघून जाईल," म्हणून त्यांनी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उलट्या सुरू झाल्या, दुपारपर्यंत शौचातून रक्त. मग गाडी, बेळगाव, सलाईन, रात्रीचं जागरण. पोर वाचली, आता बरी आहे.

केंद्राचं नाव मी सांगणार नाही आणि त्या डॉक्टरांवर माझा रागही नाही. त्यांनी सांगितलं ते अर्धं खरंच होतं. गुंजेचं कवच इतकं टणक असतं की अख्खी गिळली तर बहुतेक वेळा ती जशीच्या तशी बाहेर पडते. म्हणूनच आपल्याकडे "गुंजेनं काय होतंय, आम्ही लहानपणी गिळल्यात" असं छातीठोक सांगणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी गिळलेली असते, चावलेली नसते. कवच फुटलं की हिशेबच बदलतो.

आणि माळेतल्या मण्याचं कवच आधीच फुटलेलं असतं. दोरा ओवायला त्याला आरपार भोक पाडतात ना!

त्या बीच्या गरात ॲब्रिन नावाचं प्रथिन असतं. एरंडाच्या बीतल्या रायसिनचं हे जवळचं भावंड, दोघांची घडण जवळपास एकच. त्याचे दोन भाग असतात. एक भाग पेशीला चिकटून दार उघडून देतो, दुसरा आत शिरून पेशीचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतो. पेशी लगेच मरत नाही, जवळ आहे तेवढ्यावर काही काळ तग धरते. त्यामुळे पहिले काही तास माणूस ठणठणीत दिसतो. लक्षणं काही तासांनी येतात, कधी एक-दोन दिवसांनीही. आधी आतड्याचं अस्तर जातं, म्हणून उलट्या आणि रक्ताचे जुलाब. अंगातलं पाणी तुटतं, रक्तदाब पडतो, पुढे यकृत आणि मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतं. ॲब्रिनवर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. लवकर पोचलं तर पोटात औषधी कोळसा देता येतो, पुढे सलाईन आणि देखरेख. आम्ही सोनार गुंजेच्याही अंशाचा हिशेब ठेवणारी माणसं, पण शुद्ध ॲब्रिनची घातक मात्रा आमच्या काट्याला कळणारही नाही. ती अंगाच्या दर किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात.

म्हणजे नातीच्या बाबतीत चूक एकाच जागी झाली: ती बरी दिसत होती म्हणून तिला घरी सोडलं. तेवढी जागा बुजवता आली तर या पत्राचं काम झालं.

सोनारानं विषाबद्दल का बोलावं, असं कुणी विचारील. आमच्या धंद्याचं आणि या वेलीचं नातं जुनं आहे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजा. आजच्या मापात गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली आणि तोळा-मासा कागदावरून गेला, पण गिऱ्हाईक अजूनही "गुंजभर कमी करा की" म्हणतंच. सगळ्या गुंजा एकाच वजनाच्या असतात हीही एक लोककथाच. माझे वडील वेचलेल्या गुंजांतून पारड्यात एकमेकींशी ताडून घेतलेल्या तेवढ्या डबीत ठेवायचे, बाकीच्या बाद.

दुसरा उपयोग बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो. रवाकामात, म्हणजे दागिन्यावर सोन्याचे बारीक दाणे बसवताना, डाग द्यायच्या, म्हणजे तापवून जोडायच्या, आधी ते दाणे जागेवर धरून ठेवायला गुंजेचा लगदा लावत. वडील गुंजा शिजवून, साल काढून उगाळायचे. त्यासाठी वेगळी सहाण होती, आणि आई ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. काम झालं की हात राखेनं धुवायचे, नखं कापायची, मगच जेवायला बसायचं. विषाची ही शिस्त आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवली नव्हती, घरात पाळली जायची म्हणून आम्ही पाळली. आज तीच बी मण्यांच्या दुकानात पोरांच्या हातात येते आणि तिच्याबरोबर ती शिस्त येत नाही.

वैद्यांकडेही तेच. आयुर्वेदात गुंजेची गणना उपविषांत होते. दुधात किंवा कांजीत शिजवून शोधन केल्याशिवाय वैद्य ती वापरत नाहीत, आणि वापरतात तीही बरीचशी बाहेरून, चाई पडली, केस गळायला लागले, तर लेपात आणि तेलात. युरोपातले डॉक्टरही एकदा या बीच्या नादी लागले होते. १८८२ साली पॅरिसच्या द वेकर या नेत्रवैद्यानं खुपरीवर, म्हणजे पापणीच्या आत दाणे येतात त्या डोळ्याच्या रोगावर, गुंजेचं पाणी डोळ्यात घालायचा उपाय पुढे आणला. मुद्दाम दाह उठवून खुपरी घालवायची, असा तो प्रकार. काहींचे डोळेच त्यात गेले आणि पुढे तो उपाय मागे पडला. १८९१ साली जर्मनीत पॉल एर्लिक यांनी हेच विष उंदरांना थोडंथोडं वाढवत दिलं, शरीर विषाला कसं सरावतं ते मोजलं, आणि प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा एक पाया घातला. इतकी गुणी आणि इतकी घातक अशी ही बी आपल्या कुंपणावर फुकट वाढते.

जनावरांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती जुन्या पोलिसी पुस्तकांत आहे. इंग्रजी अमदानीत कातड्यासाठी दुसऱ्याची गुरं मारायला गुंजेचा वापर होई. त्याला 'सुई' म्हणत. बारीक टोच, दोन-तीन दिवसांनी जनावर आडवं, आणि संशय सापावर. कृती सांगत नाही. सांगायचं एवढंच की विष उशिरा चढतं हे तेव्हाच्या गुन्हेगारांना पक्कं ठाऊक होतं, आजच्या आरोग्य केंद्रांना ते ठाऊक नसावं, हे मला खटकतं.

आता कायद्याकडे येतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांना जोडलेली ई-१ ही अनुसूची आपल्या खात्याला पाठ असेल. आयुर्वेदिक औषधांतल्या विषारी द्रव्यांची ती यादी. धोतरा, बचनाग, कुचला, बिब्बा यांच्या रांगेत गुंजेची बी तिथे आहे. ती घातलेलं पोटात घ्यायचं औषध विकायचं तर बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा छापावा लागतो. शोधन केलेल्या, मोजून घातलेल्या गुंजेला इशारा सक्तीचा! आणि कच्ची, भोक पाडलेली, दोऱ्यात ओवलेली गुंज? ती बांगड्यांच्या दुकानात टांगलेली असते. पूजेच्या दुकानात धनत्रयोदशीला तिजोरीत ठेवायची म्हणून पुडीत मिळते, पांढरी हवी असेल तर जादा पैसे. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या ईडन प्रोजेक्ट या उद्यानातून गुंजेच्या मण्यांची कडी विकली गेली होती. आत काय आहे हे कळल्यावर २०११ साली त्यांनी ती गिऱ्हाइकांकडून परत मागवली. तिथे ही वेल उगवतसुद्धा नाही.

पुडीतल्या अख्ख्या गुंजेबद्दल माझं फारसं म्हणणं नाही. पुडीवर दोन ओळी छापा, बस. माझी तक्रार भोक पाडलेल्या मण्याबद्दल आहे. गळ्यात, हातात घालायच्या वस्तूंत, खेळण्यांत, बाहुल्यांच्या डोळ्यांना गुंज वापरून विकायला बंदी करा. विषांच्या विक्रीवर नियम करायचा अधिकार १९१९ च्या विष कायद्यानं राज्यांना दिलेला आहे, नवा कायदा करायची गरज नाही. कारागिरांचं यात बुडत काही नाही. लालच मणी हवा तर रतनगुंज आहे, मोठी, पूर्ण लाल, बिनठिपक्याची, झाडाला येणारी. तीही चावायची वस्तू नव्हे, पण तिच्यात हे ॲब्रिन नाही.

आणि परिपत्रक. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला, प्रत्येक आशा ताईला, १०४ च्या आरोग्य सहायवाणीवर बसणाऱ्यांना एवढं कळवा: चावलेली किंवा भोक पाडलेली गुंज पोटात गेली असेल तर मूल कितीही हसत असो, त्याला घरी पाठवायचं नाही. निदान एक दिवस-रात्र नजरेखाली ठेवायचं, सोयी नसतील तर १०८ बोलावून वेळीच पुढे धाडायचं. अडलं तर दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालू आहे, त्याचा नंबर भिंतीवर लावायचा. आपल्या खात्यानं २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, चांगलं केलं. त्याच वहीत वनस्पतींच्या विषबाधेला एक रकाना द्या. नातीच्या कागदावर शेवटी 'गॅस्ट्रो' एवढंच लिहिलं गेलं. असे किती गॅस्ट्रो खरे आणि किती गुंजेचे, ते वहीशिवाय कसं कळणार?

माहितीसाठी लांब जायला नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आपल्या बेळगावातच, नेहरूनगरला आहे. आयुर्वेद महाविद्यालय तर शहापुरात, माझ्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. या दोन ठिकाणच्या माणसांना खानापूर, निपाणी, चिकोडीच्या डॉक्टरांसमोर एक दिवस बसवलं तरी खूप होईल.

इशाऱ्याचा कागद कन्नडबरोबर मराठीतही छापा. फलकाच्या भाषेवरून इथे काय काय होतं ते आपल्याला माहीत आहे, मी त्यात शिरत नाही. पण जांबोटी-कणकुंबीकडची आजी जो कागद वाचू शकत नाही तो तिच्या नातवंडाच्या काय कामाचा? सोबत बियांचं चित्र मोठं द्या, लाल रंग नीट उठेल असं. सरकारी छपाईत लाल नेहमी विटकरी होतो.

एक भीती आहे, तीही लिहून टाकतो. आपल्याकडे इशारा निघाला की खालच्या पातळीवर त्याचा अर्थ कोयता असा लावतात. उद्या पंचायतीचा माणूस कुंपणं साफ करत सुटेल. तसं होऊ देऊ नका. वेलीचा पाला गोड असतो, जेष्ठमधासारखी गोडी त्यात आहे. आवाज बसला की कीर्तनकार तोच चघळतात, पानवाले विड्यात घालतात. बारीक, चिंचेसारखी पानं, पावसानंतर फिकट जांभळी फुलं, मग शेंगांचे घोस. शेंग तडकून मागे वळते तरी बिया तिला धरून बसतात, म्हणून त्या लांबून दिसतात आणि म्हणूनच पोरं तिकडे धावतात. पोरांना ती वेल दाखवावी, नाव सांगावं, चावायची नाही हे सांगावं. शाळेच्या एका तासाचं काम आहे.

शेंगा मार्गशीर्षाच्या सुमाराला तडकू लागतात आणि त्याच दिवसांत सौंदत्तीपासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. माळा विकणारे तेव्हाच माल भरतात. परिपत्रक काढायचं असेल तर ते दिवाळीच्या आत निघावं, माघात निघून उपयोग नाही. मराठी कागद छापायला खात्याकडे पैसे नसतील तर मजकूर तेवढा पाठवा, शहापुरातले आम्ही चार सोनार मिळून छापून घेऊ आणि खानापूरच्या बाजारात दुकानोदुकानी नेऊन देऊ.

कळावे,
आपला,
शहापूर, बेळगाव येथील एक सोनार