पटलावरचे 30 दिवस

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशी माणसाने भारतात कसे यावे, किती दिवस राहावे, त्याला परत कधी पाठवावे हे राज्य सरकार ठरवत नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या 17 आणि 19 या नोंदींनी नागरिकत्व, परकीय व्यक्ती, प्रवेश, पासपोर्ट आणि व्हिसा हे विषय संसदेकडे दिले आहेत. स्थानिक पोलीस कारवाई करतात ती केंद्राने सोपवलेल्या अधिकाराने. म्हणून या बाबतीत बडोदेकरांनी गाठायचे ते आपल्या खासदारांना, आणि त्यांना विचारायचे काय, ते आधी आपल्याला ठाऊक हवे.

आप्रवासन आणि परकीय नागरिक विधेयक 11 मार्च 2025 रोजी लोकसभेत मांडले गेले, 27 मार्चला तेथे मंजूर झाले आणि 2 एप्रिलला राज्यसभेत. विरोधकांनी ते समितीकडे पाठवण्याची मागणी केली होती, ती मानली गेली नाही. 1920, 1939, 1946 आणि 2000 चे असे चार कायदे रद्द करून त्यांच्या जागी 1 सप्टेंबर 2025 पासून हा एकच कायदा लागू झाला. वैध पासपोर्ट किंवा व्हिसा नसताना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट कागदपत्रे वापरल्यास दोन ते सात वर्षे कैद आणि एक ते दहा लाख दंड. व्हिसाची मुदत संपूनही राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड. हे आकडे संसदेने स्वतः ठरवले. रोजच्या व्यवहारातले बरेच काही मात्र गृह मंत्रालयाच्या नियमांवर सोडले.

बडोद्यात याची झळ लगेच लागते. सयाजीराव विद्यापीठात परदेशी विद्यार्थी शिकतात, रावपुरा-दांडिया बाजारापासून फतेगंजपर्यंत घरोघरी खोल्या भाड्याने दिल्या जातात. परकीय पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, आणि हे बंधन फक्त हॉटेलांना आहे असे समजणारे घरमालक चुकतात. धर्मशाळा, वसतिगृह, खासगी घर, सगळेच त्यात येतात. भाडेकरूची पोलीस ठाण्यात केलेली नोंद वेगळी, तिने हे काम भागत नाही. 180 दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने 14 दिवसांत स्वतःची नोंदणी करायची. व्हिसा एका संस्थेसाठी मिळालेला असतो. परवानगी न घेता दुसरीकडे प्रवेश घेतला की फी भरलेला, नियमित वर्गात बसणारा मुलगाही अटभंगात सापडतो. शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांच्यावरही माहिती देण्याची जबाबदारी आता थेट कायद्यातच घातली आहे.

अशा कायद्यांखालचे नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे, म्हणजे खासदारांपुढे अधिकृतपणे मांडावे लागतात. एका किंवा सलग अधिवेशनांत मिळून 30 दिवस ते तिथे असतात. त्यात बदल करावा किंवा ते रद्द करावेत यावर दोन्ही सभागृहांचे एकमत झाले तर सरकारला ते मानावे लागते. बहुधा हे दिवस कोणाच्या लक्षातही येत नाहीत. शिवाय दोन्ही सभागृहांत दुय्यम विधानाची, म्हणजे कायद्याखाली सरकारने केलेल्या नियमांची, तपासणी करणारी समिती आहे. नागरिकत्व सुधारणा कायदा डिसेंबर 2019 मध्ये झाला, त्याचे नियम आले 11 मार्च 2024 रोजी. मधली सव्वाचार वर्षे गृह मंत्रालय या समित्यांकडून मुदतवाढ घेत राहिले आणि कायदा असूनही त्याखाली कोणाला अर्ज करता येत नव्हता. बडोद्याचा वेगळा मार्ग होता: 28 मे 2021 च्या अधिसूचनेने देशातल्या 13 जिल्ह्यांना जुन्या तरतुदींखाली नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, त्यात बडोदा होता. पण तो वैध कागदपत्रांवर आलेल्यांसाठी.

आता सर्वांत जिव्हाळ्याची बाब. 1 सप्टेंबर 2025 च्या सूट आदेशानुसार पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून छळामुळे आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन 31 डिसेंबर 2024 पर्यंत आले असतील, तर कागदपत्रे नसल्याबद्दल त्यांना शिक्षा नाही. 2019 च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात घातलेली तारीख मात्र 31 डिसेंबर 2014 हीच आहे. म्हणजे 2018 मध्ये कागदपत्रांविना आलेल्या कुटुंबाला इथे राहता येते, नागरिक होता येत नाही. त्यांना इथे झालेले मूलही जन्माने नागरिक ठरत नाही, कारण 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी कोणीही बेकायदा स्थलांतरित असता कामा नये. ही दहा वर्षांची फट अधिसूचनेने बुजणार नाही. कायद्यात लिहिलेली तारीख संसदच बदलू शकते. बदलावी की नाही यावर मते वेगळी असतील, पण सभागृहात हा प्रश्न निकाली निघायलाच हवा. मुलांना असे अधांतरी वाढवणे योग्य नाही.

दुसरी उणीव पुराव्याच्या भाराची. आपण परकीय नाही हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करायचे, ही 1946 ची तरतूद नव्या कायद्याच्या 16 व्या कलमात कायम आहे. आसामसाठी 1983 मध्ये संसदेने हा भार उलटा केला होता. तो कायदा 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्याच न्यायालयाने 2024 मध्ये असेही सांगितले की नुसत्या संशयावरून नोटीस काढता येत नाही, आधी अधिकाऱ्यांच्या हाती काही ठोस आधार हवा. हे वाक्य 2025 च्या विधेयकात घालायला हवे होते. जन्मदाखला नसलेल्या गरीब भारतीय मजुराला त्याचाच आधार आहे.

सीमेचेही तेच. सीमा सुरक्षा दलाचे कार्यक्षेत्र 1968 च्या कायद्याखालच्या आदेशाने ठरते. ऑक्टोबर 2021 मध्ये ते पंजाब, बंगाल आणि आसाममध्ये सीमेपासून 15 वरून 50 किलोमीटर झाले, आपल्या गुजरातेत 80 वरून 50 वर आले. हा आदेशही पटलावर ठेवावा लागतो.

खासदाराला प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, लोकसभेत एका दिवशी 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्नच घेतले जातात. म्हणून त्यांना पत्र लिहायचे ते अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच, आणि त्यात नियमाचा क्रमांक घालून: अमुक नियम पटलावर कधी ठेवला, 30 दिवस कधी संपतात, आपण त्यावर दुरुस्ती सुचवणार का?

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा