दादाला ताप आला तर

कंपाला (युगांडा),
श्रावण पौर्णिमा

सौ. वहिनींस सप्रेम नमस्कार,

हे पत्र दादाच्याच हाती पाठवत आहे, कारण मजकूर त्याच्या प्रकृतीचा आहे आणि तो स्वतः होऊन तुम्हाला काही सांगणार नाही. राखी बांधायच्या आधी आम्ही दोन दिवस जिंजाला जाऊन आलो. तिथे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते. लहानपणापासून त्र्यंबकच्या वाऱ्या केलेला तो, नदीचा उगम पाहून इतका हरखला की पाण्याचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून मच्छरदाणीशिवाय गच्चीवरच झोपला. हिवतापाचा डास रात्रीच चावतो, आणि इथला हिवताप बहुतेक करून फॅल्सिपॅरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा असतो.

डास चावल्यापासून ताप यायला निदान ७ दिवस लागतात. बहुधा तो महिन्याभरात येतो, पण कधी त्याहूनही उशिरा येतो. हिवताप होऊ नये म्हणून असलेली डॉक्सीसायक्लिनची रोजची गोळी घरी पोचल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायची आहे. तेवढे तुम्ही जातीने पाहा, कारण बरे वाटत असताना गोळी घेणे त्याला जमत नाही. मात्र गोळी घेतली तरी पूर्ण हमी नसते. पुढच्या तीन महिन्यांत नुसती कणकण आली, तरी मेडिकलमधून गोळी आणून वाट पाहू नका; त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि ‘हे युगांडाहून आलेत’ हे सगळ्यात आधी सांगा. पावसाळ्यात नाशकात ताप म्हटला की डेंग्यूच आठवतो, आणि प्लेटलेट हिवतापातही कमी होतात, त्यामुळे प्रवासाचे कळले नाही तर चांगल्या डॉक्टरांचीही दिशाभूल होऊ शकते.

लॅबमध्ये रॅपिड टेस्ट, म्हणजे कार्डावरची तपासणी, करतील. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी माझी झाली होती. नर्सने बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब कार्डाच्या खाचेत सोडला, त्यावर औषधाचे थेंब टाकले आणि आम्ही पंधरा मिनिटे त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहत बसलो. ‘सी’समोर एकच रेघ उमटली. हिवताप नाही म्हणून मला पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवले. दुसऱ्या रात्री अशी हुडहुडी भरली की तीन पांघरुणे घेऊनही दात वाजत होते. सकाळी पुन्हा टेस्ट केली, तेव्हा ‘टी’समोर दुसरी रेघ आली, ती इतकी फिकट की नर्सने कार्ड खिडकीजवळ नेऊन मला दाखवले. फिकट रेघ म्हणजेही हिवतापच. पहिल्या दिवशी रक्तात हिवतापाचे परजीवी (जंतू) इतके थोडे होते की कार्डाला ते सापडलेच नाहीत.

म्हणून वहिनी, एकदा निगेटिव्ह आले की सुटलो, असे मानू नका. ताप असेल तर १२ ते २४ तासांनी पुन्हा, आणि गरज पडल्यास तिसऱ्यांदा तपासणी करायला सांगा. कार्डाबरोबर रक्ताची स्लाइडही आग्रहाने करून घ्या. कार्ड परजीवीच्या एका विशिष्ट प्रथिनावरून फॅल्सिपॅरम ओळखते, पण आफ्रिकेत काही ठिकाणी ते प्रथिन तयारच न करणारे परजीवी सापडले आहेत. स्लाइडवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, ते सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांना दिसतात. शिवाय रक्तात परजीवी किती आहेत हे स्लाइडवरूनच कळते, आणि गोळ्यांवर भागेल की दवाखान्यात ठेवून इंजेक्शने द्यावी लागतील, हे ठरवताना तो आकडा लागतो. उपचारानंतरही कार्ड काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. माझे आले होते आणि मी उगाच घाबरले होते, म्हणून तेही लिहून ठेवते.

दादाच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात प्रवासाच्या तारखा, गावे आणि गोळीचे नाव लिहिलेली चिठ्ठी आहे. ती डॉक्टरांना दाखवा. तिच्याजवळच पिवळी पुस्तिका आहे, ती पीतज्वराच्या लशीची. ती पाहून हिवतापाचीही लस झाली आहे, असे कोणी समजू नये.

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार. दादा पोचल्याचा फोन त्याच दिवशी करा.

तुमची,
नणंद