सव्वा मीटरची फळी आणि कोल्हापूरचे गतिरोधक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की शहरात रस्त्यांची डागडुजी निघते आणि तिच्याबरोबर नवे गतिरोधकही पडतात. ते काम निघण्याआधी एका वाहनाची बाजू मांडण्यासाठी हे पत्र. वाहनाचे नाव व्हेलोमोबाइल. पुढे दोन चाके, मागे एक. चालवणारा पाठीवर रेलून, पाय पुढे करून पेडल मारतो आणि त्याच्या अंगाभोवती फायबर, कार्बन किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे कवच असते. लांबी पावणेतीन-तीन मीटर, रुंदी पाऊण मीटरच्या आसपास, उंची जेमतेम मीटरभर, वजन पंचवीस ते चाळीस किलो. इंजिन नाही, पेट्रोल नाही.

कवच पावसासाठी असते असे पाहणाऱ्याला वाटते, पण त्याचे खरे काम वारा कापण्याचे. सपाट रस्त्यावर साधी सायकल ताशी ३० किलोमीटरने न्यायची तर सुमारे २०० वॅट ताकद लावावी लागते आणि त्यातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. तोच वेग चांगल्या व्हेलोमोबाइलमध्ये शंभरेक वॅटमध्ये मिळतो. म्हणून हे वाहन आपल्याकडच्या सपाट पट्ट्याला फार सोयीचे आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, हुपरी, इचलकरंजी, जयसिंगपूर ही रोजच्या ये-जा करण्याची अंतरे त्याच्या आवाक्यातली. घाटात मात्र कवचाचा उपयोग नाही, वजन तेवढे अंगावर येते. ताशी दहा किलोमीटरच्या वेगाला हवा फारशी अडवत नाही आणि वीस-पंचवीस किलोचा जादा बोजा चढावर पाचव्या हिश्श्याने जास्त ताकद मागतो. रोज पन्हाळा किंवा जोतिबा करणाऱ्याने साधी गिअरची सायकलच घ्यावी.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी १९३०च्या दशकात पेडलवर चालणाऱ्या छोट्या मोटारी विकल्या. त्यांच्याच आडव्या, म्हणजे रेलून चालवायच्या सायकलीवर १९३३ मध्ये सायकलपटू फ्रान्सिस फौर यांनी तासाभरात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापले आणि पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने आडव्या सायकली शर्यतींतून बाद केल्या. आज नेदरलँड्स, जर्मनीत लोक या गाड्यांतून कामावर जातात.

आता मूळ मुद्दा. या गाडीचे पोट जमिनीपासून साधारण दहा सेंटीमीटरवर असते. पुढच्या आणि मागच्या चाकातले अंतर सव्वा मीटरच्या आसपास. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या 'आयआरसी ९९' या सूचनांमध्ये गतिरोधकाचे माप स्पष्ट दिले होते : उंची १० सेंटीमीटर, पण रस्त्याच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, म्हणजे १७ मीटर त्रिज्येचा सपाटसर उंचवटा. तो ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता यावा, अशी त्याची रचना आहे. अशा उंचवट्यावर सव्वा मीटर अंतराची चाके असताना मधला भाग सव्वा सेंटीमीटरहूनही कमी वर येतो. गाडीचे पोट सुखरूप राहते.

गल्लीत प्रत्यक्षात दिसतो तो दीड-दोन फूट रुंदीचा डांबराचा ढीग किंवा बोल्टने ठोकलेला रबरी पट्टा. दहा सेंटीमीटरचा उंचवटा दोन फुटांत बसवला की तो पूर्णच्या पूर्ण दोन चाकांच्या मधे येतो आणि पोट घासते. पुढच्या चाकांच्या स्प्रिंगची हालचाल जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर असते. आदळताना ती दबते आणि उरलीसुरली जागाही जाते. तिरके जावे तर एकेक चाक वेगळे चढते आणि कवचाला पीळ बसतो. शिवाय असल्या गतिरोधकावर स्कूटरवरच्या वृद्धांची पाठ दुखावते, बाळंतिणीची रिक्षा आदळते, रुग्णवाहिका थांबते. व्हेलोमोबाइलला जे सोसत नाही ते त्यांनाही सोसत नाही.

आदळण्याचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या दोन चाकांना जोडणारा स्टिअरिंगचा दांडा बारीक असतो. एका खोल खड्ड्यात तो किंचित वाकला तरी दोन्ही चाके एकमेकांना समांतर राहत नाहीत. टायर फिरण्याऐवजी घासत चालतो, गाडी जड लागते आणि नवा टायर काहीशे किलोमीटरमध्ये साफ होतो. तपासणी सोपी आहे. दोन्ही टायरच्या मधोमध खडूने खूण करा. चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोन खुणांमधले अंतर पुढच्या बाजूने मोजा, मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूने मोजा. पुढचे माप मागच्यापेक्षा शून्य ते एक मिलिमीटर कमी असावे. जास्त फरक असेल तर दांड्याच्या टोकाचा नट सैल करून दांडा फिरवायचा आणि पुन्हा मोजायचे. मोजताना चालवणाऱ्याच्या वजनाएवढे पोते आसनावर ठेवा, नाहीतर माप फसते.

टायर घेताना 'वीस इंची द्या' एवढे सांगून भागत नाही. पुढची चाके ४०६ मिलिमीटर रिमची असतात. लहान मुलांच्या जाड टायरच्या आणि बीएमएक्स सायकलींना तेच माप लागते. पण ४५१ मिलिमीटरचा टायरही वीस इंची म्हणूनच विकला जातो आणि तो बसत नाही. मागचे चाक सव्वीस इंची असेल तर ५५९ माप लागते, म्हणजे माउंटन बाइकचे. टायरच्या बाजूला ४०-४०६ असे छापलेले असते, ते वाचून घ्यावे. एक सोय मोठी आहे : पुढची चाके एकाच बाजूने धरलेली असतात, त्यामुळे पंक्चर काढताना चाक खोलावे लागत नाही. गाडी कुशीवर कलंडवा आणि टायर काढा. पंक्चरवाल्याला हे आधी सांगा, नाहीतर तो सवयीने पाना हातात घेतो.

चेन साध्या सायकलच्या अडीच-तीन पट लांब असते, पण कवचाच्या आत आणि काही भाग प्लास्टिकच्या नळीतून जात असल्याने धूळ-चिखल कमी खाते. चोवीस कड्यांची लांबी, म्हणजे पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंतचे अंतर, बारा इंच भरायला हवे. ते अर्ध्या सुताने म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले की चेन बदला, कारण ताणलेली चेन पुढे दातेच खाते. ब्रेक ड्रमचे, ७० किंवा ९० मिलिमीटर व्यासाचे. आपल्या पावसात ते उत्तम, ओले होऊन घसरत नाहीत. पण लांब उतारावर ७० मिलिमीटरचे ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. म्हणून लिव्हर सतत दाबून न ठेवता दाबा, सोडा, पुन्हा दाबा. गाडी एका बाजूला ओढू लागली तर एका बाजूची केबल जास्त ताणलेली आहे, असे समजावे.

पावसात काचेवर आतून वाफ धरते. भांड्यांच्या साबणाचा पातळ थर कापडाने पुसून घेतला तर बराच वेळ काच साफ राहते. पंचगंगेचे पाणी रस्त्यावर आले की ही गाडी बाहेर काढू नये. पोटाला पाय टेकण्यासाठी भोके असतात, पाणी दहा-बारा सेंटीमीटरवर गेले की ते आत येते. एप्रिल-मे मध्ये सिग्नलला थांबल्यावर आत भट्टी होते. वरचे झाकण काढून ठेवावे आणि दोन-तीन लिटर पाणी बरोबर घ्यावे.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की खरा धोका उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलींचा. व्हेलोमोबाइलमधल्या माणसाची नजर रस्त्यापासून नव्वदेक सेंटीमीटरवर असते आणि ट्रॉलीच्या चालकाला ती गाडी जवळ आली की दिसतच नाही. दोन ट्रॉल्यांच्या बाजूला रेंगाळू नये. मागे राहावे किंवा रस्ता मोकळा पाहून एका दमात पुढे जावे. दिवसाही दिवे चालू ठेवावेत. दीड मीटर उंचीवर भगवा किंवा पिवळा झेंडा लावावा, त्याने वेग थोडा कमी होतो, पण आपल्या रस्त्यांवर तो हवाच. महाद्वार रोड, पापाची तिकटी, गुजरी इथे ही गाडी नेऊ नये. कवचात बंद चाकांच्या गाडीला वळायला दहा-अकरा मीटरचा घेर लागतो.

पेडलवर चालणाऱ्या गाडीला पासिंग लागत नाही. मोटर बसवायची असेल तर ती २५० वॅटपेक्षा कमी असावी आणि तिची मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच असावी, तरच ती या सवलतीत राहते. युरोपात नवी गाडी सहा हजार युरोंच्या पुढेच मिळते, शिवाय जहाजभाडे आणि आयात शुल्क. पण ॲल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट मारून बांधलेली 'अलेवेडर' नेदरलँड्समध्ये सुट्या भागांच्या संचातून लोक घरी जोडत असत. आपल्या उद्यमनगरात पत्रा, लेथ आणि फायबरचे काम जाणणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाताबाहेरचे यात काही नाही.

महानगरपालिकेला एवढीच विनंती : 'आयआरसी ९९' ठेकेदाराच्या हातात द्या आणि गतिरोधकाच्या आधी ४० मीटरवर फलक लावा. तपासायला अभियंताच लागतो असे नाही. सव्वा मीटरची सरळ फळी घ्या, दोन्ही टोकांना दहा सेंटीमीटरचे पाय ठोका आणि रस्त्याच्या दिशेने गतिरोधकाच्या मधोमध ठेवा. माप बरोबर असेल तर फळीखाली आठ सेंटीमीटरहून जास्त मोकळी जागा राहील. पाच सेंटीमीटरच्या आत भरली तर तो गतिरोधक मापात नाही. डांबर गरम असतानाच हे तपासावे, थंड झाल्यावर ते उखडायला दुसरे टेंडर लागते.

कळावे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर