पेन्सिलीच्या आधी गादी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्याआधी नागपुरातील तरुण पालकांच्या बोलण्यात केजीच्या प्रवेशाखेरीज दुसरा विषय नसतो. मुलाला शंभरपर्यंत अंक म्हणता येतात का, इंग्रजी अक्षरे गिरवता येतात का, याची चौकशी होते. ते एका पायावर क्षणभर उभे राहते का, दोन्ही पाय जुळवून उडी मारते का, हे कोणी विचारत नाही. बालवाडीत आणि पहिलीत बरीच वर्षे शिकवलेल्या माझ्यासारखीला ही दुसरी चौकशी अधिक महत्त्वाची वाटते, आणि म्हणूनच शाळेआधीच्या वयात मुलांना थोडे जिम्नॅस्टिक्स मिळावे असे मी म्हणते.

जिम्नॅस्टिक्स म्हटले की २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्ट, म्हणजे धावत येऊन हवेत कोलांट्या घेण्याच्या प्रकारात चौथी आलेली दीपा कर्माकर डोळ्यांसमोर येते आणि पालक बिचकतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे जिम्नॅस्टिक्स म्हणजे गादीवर लोळणे, अस्वलासारखे हातापायांवर चालणे, बेडूकउड्या, जमिनीलगतच्या अरुंद बाकावरून तोल सांभाळत जाणे, आडव्या दांड्याला लोंबकळणे, एवढेच. पूर्वी वाड्यांतल्या आणि वस्त्यांतल्या मुलांना यातले बरेचसे न शिकवता मिळत असे. आता फ्लॅटमधल्या मुलाला ते ठरवून द्यावे लागते.

लहान मुलाचा शरीरावरचा ताबा सर्वसाधारणपणे धडाकडून खांद्यांकडे आणि तिथून मनगट व बोटांकडे सरकत जातो. ज्याचे पाठ-पोट अजून बळकट नाही ते मूल बाकावर नीट बसू शकत नाही, डोके हातावर टेकते, सारखी चुळबूळ करते आणि आपण त्याला ‘लक्ष नाही’ असा शेरा देऊन मोकळे होतो. हातांवर शरीराचा भार घेतल्याने आणि दांडा घट्ट धरल्याने खांदे, मनगटे व तळवे तयार होतात, आणि पुढे पेन्सिल धरून ओळभर लिहिताना त्यांचाच आधार असतो. कोलांटी मारता आली म्हणून कोणी वाचायला शिकत नाही, हे उघड आहे. पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, दुसरी नंतर, उकार खाली आणि मात्रा वर हे ओळखण्यापूर्वी वर-खाली, मागे-पुढे, डावे-उजवे या दिशा अंगाने अनुभवलेल्या असणे उपयोगाचेच ठरते.

शिवाय ‘आधी बाकावरून चाला, मग कडीतून आत जा, मग रेषेवर उडी मारून थांबा’ ही तीन टप्प्यांची सूचना ध्यानात ठेवून पार पाडणे, स्वतःची पाळी येईपर्यंत रांगेत थांबणे, पडल्यावर उठून पुन्हा करणे आणि तेवढा वेळ आईचा पदर सोडून राहणे, हे सारे पहिल्या दिवसापासून वर्गात लागते. माझ्या अनुभवात पहिलीच्या शिक्षिकेचा बराचसा वेळ याच गोष्टींत जातो, अक्षरओळखीत नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचालीत घालवावीत आणि त्यांतील निदान ६० मिनिटे दमवणाऱ्या खेळांत जावीत. पडद्यापुढचा वेळ तासाहून अधिक नसावा. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. प्रत्यक्षात शहरातल्या अनेक कॉन्व्हेंटना अंगणच नाही, आणि जिथे आहे तिथे गाड्या उभ्या असतात.

महागडे खासगी वर्ग हा माझ्या मते उपाय नव्हे, कारण ते मोजक्याच घरांना परवडतात. अंगणवाडीत जाड गादी, एक बुटका बाक, दोरी आणि फरशीवर खडूने ओढलेली रेघ एवढ्यावर रोज सकाळी अर्धा तास भागू शकेल; आपल्याकडचे मे-जूनचे ऊन आणि नंतरचा चिखल पाहता ते खोलीतच होणे बरे. प्रशिक्षणासाठीही दूर जाण्याची गरज नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात आहे. महिला व बालविकास विभागाने अशा संस्थेकडून सेविकांसाठी छोटी शिबिरे घ्यावीत.

एक अट मात्र कसोशीने पाळावी. या वयात अंग बळेच ताणणे, डोक्यावर उभे करणे, मूल घाबरलेले असताना कोलांटीसाठी ढकलणे आणि स्नेहसंमेलनासाठी कसरती बसवणे, यांतले काहीही होता कामा नये. पाच वर्षांच्या मुलांना गुण आणि पदके देणारी स्पर्धा भरवायची असेल, तर तो अर्धा तास मुलांना अंगणात मोकळे सोडलेले मला अधिक चालेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर