सिझरच्या व्रणात रुजलेला गर्भ: सोनोग्राफीशिवाय पिशवी साफ करणं थांबवा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

आधी सिझर झालेल्या बाईला पुन्हा दिवस गेले, की क्वचित गर्भ गर्भाशयावरच्या जुन्या टाक्यांच्या व्रणातच रुजतो. साधारण २००० गर्भारपणांत एखादी अशी केस असते, आणि सिझर वाढतील तशा याही वाढणार.

घात नेमका कुठे होतो ते पाहा. थोडं रक्त जातं, पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ खाली दिसतो, 'गर्भ पडतोय' असं ठरतं आणि क्युरेटिंगला, म्हणजे पिशवी साफ करायला, घेतात. एरवी गर्भ निघाला की स्नायू आवळतो आणि रक्तवाहिन्या मिटतात. व्रणात स्नायू जवळपास नसतोच, त्यामुळे रक्त थांबत नाही. मग जीव वाचवायला पिशवीच काढावी लागते. जागा न पाहता दिलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांचाही हाच धोका.

निदान अवघड नाही, मात्र वेळेत हवं. सहाव्या-सातव्या आठवड्यात आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी केली, की वरची पोकळी आणि गर्भाशयमुख दोन्ही रिकामी दिसतात, गर्भ पुढच्या भिंतीत व्रणापाशी. तिथून मूत्राशयापर्यंतचा स्नायू मोजावा. तो बरेचदा १ ते ३ मिमीच भरतो. सोनोग्राफीच्या प्रोबने (आत घालायच्या दांडीने) हलकं दाबल्यावर पडता गर्भ सरकतो, व्रणातला जागचा हलत नाही, आणि डॉप्लर सोनोग्राफीत त्याच्याभोवती रक्तप्रवाह दिसतो. पुढे गर्भ वाढून पोकळीत वर सरकला, की सगळं नॉर्मल वाटू लागतं.

उपचार रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय असेल तिथेच व्हावेत. सोनोग्राफीवर बघत सक्शन करावं (गर्भ ओढून काढावा), रक्तस्राव दाबून थांबवायला फोलीचा फुगा हाताशी ठेवावा. किंवा गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेट हे औषध थेट गर्भाभोवतीच्या पिशवीत द्यावं. त्याच्या एकट्या दंडातल्या इंजेक्शनवर विसंबू नये. त्याआधी रक्त, लिव्हर, किडनीच्या तपासण्या हव्यात. आणि आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या थांबवायला सांगायलाच हवं: त्यांत फॉलिक ॲसिड असतं, ते या औषधाचा परिणाम मारतं. रक्तातलं बीटा एचसीजी (गर्भारपणाचं संप्रेरक) उतरून शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला तपासावं. गर्भ ठेवायचाच असेल, तर वार पिशवीत खोल रुतण्याचा धोका बाईला स्पष्ट सांगावा.

आमच्या मागण्या: ग्रामीण रुग्णालयांत आतून तपासायचा प्रोब द्या. माता-बाल संरक्षण कार्डावर 'मागील सिझर: सातव्या आठवड्याआधी आतून सोनोग्राफी' असा शिक्का मारा. गर्भाची जागा नोंदवल्याशिवाय अशा बाईचं क्युरेटिंग करू नये, असं परिपत्रक काढा. रक्तस्राव सुरू झालाच, तर १०८ रक्तपेढी असलेल्या रुग्णालयातच नेईल आणि तिथे आधी फोन जाईल, एवढी सोय करा.

आपले,
स्त्रीरोग व सोनोग्राफी क्षेत्रात काम करणारे डॉक्टर